जागा बरोबर, आकार चूक: एका वैमानिकाच्या जखमी डोळ्यापासून कृत्रिम भिंगापर्यंत

ऑगस्ट 1940 च्या मध्यावर, ब्रिटनवरची हवाई लढाई ऐन भरात असताना, इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या आकाशात रॉयल एअर फोर्सच्या 601 स्क्वाड्रनच्या एका हरिकेन विमानाला तोफेचा गोळा लागला. वैमानिक होता गॉर्डन क्लीव्हर, मित्रांमध्ये ‘माउस’ या नावाने ओळखला जाणारा. स्कीइंगमध्ये त्याने नाव कमावलं होतं. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूएलची प्रसिद्ध हानेनकाम स्पर्धा त्याने 1931 साली जिंकली होती. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर गॉगल नव्हता. कॉकपिटवरचं पर्स्पेक्सचं छत फुटलं आणि त्या प्लास्टिकच्या ठिकऱ्या चेहऱ्यात आणि दोन्ही डोळ्यांत घुसल्या. काही दिसत नसताना त्याने पॅराशूट घेऊन उडी मारली आणि जीव वाचवला.

उजवा डोळा गेला. डावा वाचला, पण जबर जखमी होऊन. पुढे चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून 18 शस्त्रक्रिया झाल्या. त्याला तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांपैकी एक होते हॅरल्ड रिडली, लंडनच्या सेंट थॉमस आणि मूरफील्ड्स रुग्णालयांत काम करणारे. आज मोतीबिंदूच्या जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत जे भिंग बसवलं जातं, त्याची सुरुवात याच डोळ्यापर्यंत मागे नेता येते.

हे प्रकरण मी निवडलं ते एका कारणासाठी. डोळ्याची आकृती शाळेत आपण सगळ्यांनीच काढलेली असते: पारपटल, बुबुळ, बाहुली, भिंग, दृष्टिपटल. बाण काढायचे, नावं लिहायची. पण कुठला भाग नेमका तिथेच का आहे, हे त्या आकृतीतून कळत नाही. रिडलींच्या कामात हा प्रश्न दोनदा समोर आला. एकदा त्यांनी निसर्गाची नक्कल केली ती भिंगाच्या आकाराची, आणि तिथे ते चुकले. दुसरी नक्कल केली ती भिंगाच्या जागेची. तिथे ते इतके बरोबर होते की बाकीच्या जगाला त्या जागेवर परत यायला पाव शतक लागलं.

ठिकरीची वाट

बाहेरून येणारी वस्तू आधी पारपटलाला भिडते. बुबुळावर बसवलेली ही पारदर्शक कमान मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू मात्र भरपूर आहेत. म्हणून धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. हा थर पारपटलात झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसत राहतो, म्हणून ते काचेसारखं स्वच्छ राहतं. माणसात या पेशी एकदा मेल्या की नव्या तयार होत नाहीत. उरलेल्या पेशी पसरून जागा भरतात, आणि त्याही फार कमी झाल्या की पारपटल फुगून दुधाळ होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती निर्णायक ठरणार आहे.

पारपटलामागे सुमारे तीन मिलिमीटर खोलीची पोकळी, नेत्रजलाने भरलेली. मग बुबुळाचा पडदा आणि त्याच्या मधलं भोक, म्हणजे बाहुली. उजेड वाढला की ती आकुंचते, कमी झाला की विस्फारते, त्यामुळे बुबुळ दिवसभर हलतच असतं. त्याला लागून मागे भिंग, साधारण नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचं, पातळ पारदर्शक पिशवीत बंद आणि चहूबाजूंनी बारीक तंतूंनी सिलियरी स्नायूला टांगलेलं. त्याच्या मागे व्हिट्रियस हा घट्टसर पारदर्शक द्रव, आणि शेवटी पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं दृष्टिपटल. पुढून मागपर्यंत सगळा डोळा सुमारे 24 मिलिमीटरांचा. एवढ्या लहान जागेत ठिकरी एखादा मिलिमीटर पुढेमागे थांबली तरी परिणाम पार बदलतो. पारपटलात राहिली तर व्रण, भिंगाची पिशवी फाटली तर मोतीबिंदू, दृष्टिपटलापर्यंत गेली तर अनेकदा कायमचा अंधार.

पिशवी फाटल्यावर मोतीबिंदू का होतो? भिंगाला रक्तपुरवठा नाही, नसा नाहीत. ते जगतं भोवतीच्या नेत्रजलावर. आतले तंतू कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक चढत जातात, जन्मभर नवे बनतात आणि जुना एकही टाकला जात नाही. त्यांतली प्रथिनं अतिशय नेमकी रचलेली असतात, म्हणूनच उजेड आरपार जातो. पिशवीला भोक पडलं की नेत्रजल आत शिरतं, तंतू फुगतात, प्रथिनांची घडी विस्कटते आणि काही तासांत किंवा दिवसांत भिंग पांढरं पडतं. वयोमानाने होणाऱ्या मोतीबिंदूतही प्रथिनांची घडीच बिघडते, फक्त त्याला वर्षं लागतात.

रिडलींनी बारकाईने पाहिलं ते मात्र वेगळंच. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे उजेडाची बारीक चीर टाकून डोळा थराथराने दाखवणाऱ्या यंत्राखाली, क्लीव्हरसारख्या वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे तुकडे दिसत होते आणि त्यांच्याभोवती डोळा जवळजवळ शांत होता. हे अजब होतं, कारण डोळ्यात शिरलेली परकी वस्तू शांत बसत नाही हाच तोवरचा अनुभव. लोखंडाचा कण आत राहिला तर गंज हळूहळू दृष्टिपटलाला विषासारखा भिनतो. तांब्याने तर तीव्र दाह होतो. पर्स्पेक्सने यातलं काहीच केलं नाही. अपवाद एकच: ठिकरीची धारदार कड हलणाऱ्या, नाजूक भागाला घासत असेल तर त्रास होई. म्हणजे पदार्थ निर्दोष होता, प्रश्न तो कुठे टेकतो याचा होता.

लेथवर, ग्राइंडिंगवर, छिन्नी-हातोड्याच्या कामावर असणाऱ्या प्रत्येकाला इथेच एक सांगायला हवं. डोळ्यात काही घुसल्याची शंका आली तर डोळा चोळू नका, दाबू नका, रुतलेलं ओढून काढू नका. वरून न दाबणारं कडक आवरण लावा आणि थेट नेत्ररुग्णालय गाठा. पहिल्या दिवशी दुखत नाही, दिसतंही बऱ्यापैकी, म्हणून माणसं कामावर परत जातात आणि लोखंड आत राहतं. आणि तपासताना काय लागलं ते नीट सांगा. धातू एक्स-रेवर दिसतो, प्लास्टिक दिसत नाही.

आठ वर्षांनी विचारलेला प्रश्न

ही कथा सांगताना बहुतेक जण क्लीव्हरच्या ठिकऱ्यांवरून थेट कृत्रिम भिंगावर उडी मारतात. मधली आठ-नऊ वर्षं गाळणं मला पटत नाही. निरीक्षण 1940 चं. 1948 मध्ये सेंट थॉमसमध्ये स्टीव्ह पॅरी नावाचा एक विद्यार्थी रिडलींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहत होता. काढलेल्या भिंगाच्या जागी नवं का बसवत नाही, असं त्याने विचारलं. रिडलींच्या मनात तो विचार आधीपासून घोळत होता असं त्यांनी नंतर सांगितलं, पण हालचाल सुरू झाली ती या प्रश्नानंतर.

प्रश्न रास्त होता. मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाला त्या काळी जे मिळे त्याला धड दृष्टी म्हणता येत नव्हती. भिंगच गेलं की अधिक 10 ते 12 नंबरचा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव ते एक तृतीयांशाने मोठ्या दिसत, कडेला एक आंधळं वर्तुळ राही, आणि समोरून चालत येणारा माणूस त्या वर्तुळात गडप होऊन एकदम पुढ्यात उभा राही. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी पंचाईत. एका डोळ्याचं चित्र मोठं, दुसऱ्याचं लहान, मेंदूला दोन्ही जुळवता येईनात.

आता जागेचं महत्त्व पाहा. तीच कसर चष्म्याऐवजी पारपटलावर, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सने भरून काढली, तर चित्र दहाएक टक्क्यांपर्यंतच मोठं होतं. भिंगाच्या मूळ जागी भरून काढली तर फरक जाणवतही नाही. तिथे लागणारी ताकद मात्र साधारण 20 डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक; चष्म्याचा नंबरही त्यातच सांगतात). चष्म्यात 10-12 आणि आत 20, हा विरोधाभास वाटतो, पण भिंग जितकं दृष्टिपटलाजवळ, तितकी त्याची ताकद जास्त लागते.

रिडली, प्रकाशशास्त्रज्ञ जॉन पाइक आणि पर्स्पेक्स बनवणाऱ्या आयसीआय कंपनीचे जॉन होल्ट यांनी मिळून पर्स्पेक्सची अधिक शुद्ध, वैद्यकीय वापरासाठीची आवृत्ती तयार करवली. भिंग बनवलं रेनर कंपनीने. काचेपेक्षा हा पदार्थ खूप हलका आहे. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात 45 वर्षांच्या एका महिलेवर पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्या टप्प्यात, 8 फेब्रुवारी 1950 रोजी, भिंग कायमचं बसवलं गेलं.

उणे 18

डोळा शांत राहिला. भिंग जागेवर राहिलं. पण रुग्णाचा नंबर निघाला उणे 18, शिवाय 6 चा सिलिंडर, म्हणजे पारपटलाच्या असमान वाकामुळे लागणारा नंबर. एकूण भयंकर लघुदृष्टी.

सिलिंडरचा मोठा भाग त्या काळातल्या मोठ्या छेदाला धरून होता. पारपटल ओढलं गेलं की ते सगळीकडे सारखं गोल राहत नाही. उणे 18 कुठून आले, हे समजायला डोळ्याचं थोडं गणित हवं. ते मला या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर पान वाटतं, म्हणून इथे थांबू या.

डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर. त्यातली 43 च्या आसपास एकट्या पारपटलाची. भिंग डोळ्यातलं मुख्य भिंग आहे असं आपण समजतो, पण मोठं काम पारपटलच करतं. कारण साधं आहे. प्रकाश वळतो तो दोन माध्यमांच्या अपवर्तनांकातल्या, म्हणजे प्रकाशाचा वेग किती मंदावतो हे सांगणाऱ्या आकड्यातल्या, फरकामुळे. हवेचा अंक 1, डोळ्याच्या आतल्या द्रवाचा 1.336, म्हणून पारपटलापाशी फरक मोठा. भिंग मात्र दोन्ही बाजूंनी द्रवात बुडालेलं. त्याचा सरासरी अंक 1.42 धरला तर फरक फक्त 0.084. पोहताना पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं तेही याचमुळे. तिथे पारपटलासमोर हवा नसते, पाणी असतं.

नैसर्गिक भिंगाच्या पुढच्या बाजूची वक्रतात्रिज्या सुमारे 10 मिलिमीटर, मागची 6. फरकाला मीटरमधल्या त्रिज्येने भागायचं: पुढून 8.4, मागून 14, बेरीज साधारण 22. आता आकार तोच ठेवून पदार्थ बदलू. पर्स्पेक्सचा अंक 1.49, द्रवाशी फरक 0.154. पुढून 15.4, मागून 25.7, बेरीज 41. जवळजवळ दुप्पट. जाडी वगैरे सोडलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण वीसेक डायॉप्टरची जादा ताकद कुठून आली ते त्यातून लख्ख दिसतं. निसर्गाचा आकार हुबेहूब उचलला होता, पण तो आकार निसर्गाच्या पदार्थासाठी होता. पुढच्या भिंगांच्या बाजू अधिक सपाट केल्या आणि नंबर ताळ्यावर आला.

मला यात रिडलींचा कमीपणा दिसत नाही. द्रवात बुडालेल्या जिवंत भिंगाचं मोजमाप पुस्तकात असणं वेगळं आणि त्या जागी आपली वस्तू ठेवून बघणं वेगळं. पारपटलाची, भिंगाची आणि द्रवाची कामाची वाटणी एका रुग्णाच्या नंबरातून इतकी उघड याआधी कधी झाली नव्हती.

जागेचा वाद

रिडलींनी सुरुवातीचं काम गुप्त ठेवलं आणि जुलै 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रवैद्यक परिषदेत मांडलं. विरोध कडवा झाला. त्या काळातले ब्रिटिश नेत्रवैद्यकातले सर्वात वजनदार गृहस्थ, सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर, विरोधकांत होते. विरोधामागे तर्क होता: डोळ्यातली परकी वस्तू काढणं हे आमचं काम, घालणं नव्हे.

अडचणीही खऱ्या होत्या. काही डोळ्यांत दाह होई. भिंग निर्जंतुक करायला वापरलेलं सेट्रिमाइड त्यावर चिकटून राहत असे आणि तेच दाहाचं एक कारण होतं, हे पुढे लक्षात आलं. काही भिंगं निसटून व्हिट्रियसमध्ये पडली. शस्त्रक्रियेसाठी आजचे सूक्ष्मदर्शक नव्हते, आजचे बारीक टाके नव्हते. शिवाय तेव्हा चलन होतं ते मोतीबिंदू पिशवीसकट ओढून काढण्याचं. रिडलींना पिशवीचा मागचा पडदा शिल्लक हवा होता, कारण नवं भिंग त्यावरच टेकणार होतं. म्हणून त्यांनी जुनाट समजली जाणारी, पिशवी मागे ठेवणारी पद्धत वापरली.

इतरांनी सोपा मार्ग काढला. 1950 च्या दशकात इटलीत स्ट्राम्पेली, जर्मनीत डॅनहाइम यांनी भिंग बुबुळाच्या पुढे, नेत्रजलाच्या पोकळीत बसवलं. बसवायला सोपं, मागे पडण्याची भीती नाही. पण तीन मिलिमीटरच्या त्या पोकळीला छत म्हणून जो एंडोथेलियमचा थर आहे, त्याच्या पेशी पुन्हा बनत नाहीत. पारपटलं सुजू लागली, दुधाळ झाली. अनेक भिंगं काढावी लागली. नेदरलँड्सच्या बिंकहोर्स्टनी 1958 पासून बुबुळाला अडकणारं भिंग वापरलं. पण बुबुळ हलतं, आणि हलणाऱ्या भागाला टेकलेलं प्लास्टिक त्रास देतं, हे तर वैमानिकांच्या डोळ्यांनी आधीच दाखवलं होतं. शेवटी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शियरिंग यांच्या भिंगाने बुबुळामागची जागा पुन्हा रूढ केली, आणि 1980 च्या दशकात भिंग पिशवीच्या आत ठेवण्यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत झालं.

पिशवीच का? ती कशालाही घासत नाही. तिला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे दाहाच्या पेशी सहज पोहोचत नाहीत. पुढे बुबुळ आणि पारपटलापासून अंतर राहतं, मागे व्हिट्रियस जागेवर राहतो. आणि डोळ्याच्या प्रकाशमार्गात भिंग बरोबर हवं तिथे येतं. दुसरी कुठलीच जागा या सगळ्या अटी एकदम पूर्ण करत नाही.

क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यातही पुढे मोतीबिंदू झाला. 1987 मध्ये लंडनचे शल्यविशारद एरिक आरनॉट यांनी तो काढून त्यात कृत्रिम भिंग बसवलं आणि त्याला पुन्हा चांगलं दिसू लागलं. रिडली 1986 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, 2000 मध्ये ‘सर’ झाले, 2001 मध्ये वारले. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही हीच भिंगं बसली होती.

आपल्याकडे

मोतीबिंदूवर शस्त्र चालवण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. त्यात गढूळ झालेलं भिंग बाहुलीच्या वाटेतून बाजूला सारलं जाई, उजेड आत येई, पण चित्र धूसरच राही. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत युरोपात 1747-48 च्या सुमारास फ्रान्सच्या दाव्हियेल यांनी रुळवली. आपल्या गावोगावच्या शिबिरांतही भिंग काढून जाड चष्मा देणं हाच रिवाज बरीच दशकं होता. चष्मा फुटला किंवा हरवला की शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा.

हे बदललं ते 1990 च्या दशकात. 1992 मध्ये मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेली ऑरोलॅब सुरू झाली आणि आयात भिंगांच्या तुलनेत अगदी थोड्या किमतीत देशी भिंग मिळू लागलं. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम सात राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. जे.जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी केलेलं काम महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज सरकारी रुग्णालयात ज्या आजीच्या डोळ्यात भिंग बसतं, त्याची जागा रिडलींनी ठरवलेलीच आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी घरचे लोक म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला.’ तो परत येत नाही. पिशवीच्या आत चिकटून राहिलेल्या भिंगाच्या काही पेशी मागच्या पडद्यावर पसरतात आणि तो धुरकट होतो. याग लेसरने त्या पडद्यात मधोमध खिडकी केली की पुन्हा स्वच्छ दिसतं, त्यासाठी कापावं लागत नाही. पुन्हा धूसर दिसू लागलं म्हणून ‘शस्त्रक्रिया फुकट गेली’ असं समजून घरी बसून राहू नये.

जवळचं वाचण्याचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. तरुणपणी सिलियरी स्नायू आवळला की तंतू सैल पडतात, भिंग फुगीर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. पर्स्पेक्स किंवा आजचं घडी होणारं अॅक्रिलिक तसं फुगत नाही. स्नायू म्हातारपणीही आवळत राहतो, पण त्याला प्रतिसाद देणारं मऊ भिंग आता तिथे नसतं. प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देणारी मल्टिफोकल भिंगं आली आहेत. त्यांची किंमत जास्त, काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि ज्याचं दृष्टिपटल आधीच मधुमेहाने किंवा वयाने खराब आहे त्याला ती सहसा मानवत नाहीत. साधं भिंग बसवून वाचायला अडीच-तीन नंबरचा चष्मा वापरणं हा बहुतेकांसाठी आजही भक्कम पर्याय आहे. भिंग निवडताना महागातलं कुठलं हे विचारण्याआधी, दृष्टिपटल आणि नेत्रनाडी तपासली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.